किकॅडचं व्हर्जन बदलताना बोर्डाचं डिझाइन कसं सांभाळायचं? 60 बोर्डांनी शिकवलेला धडा



वर्गात एक प्रश्न दर बॅचला येतो. “सर, जुन्या किकॅडमध्ये काढलेला बोर्ड नव्या व्हर्जनमध्ये उघडला. सगळं नीट दिसतंय. म्हणजे काम झालं ना?”

नाही झालं. फाइल उघडली, एवढंच झालं. तेच सर्किट नव्या व्हर्जनमधून बाहेर पडतंय का, हे अजून तपासायचं बाकी आहे. हा फरक मला ऐन सीझनमध्ये, स्वतःच्या खिशातून पैसे घालवून कळला. तुम्हाला तो इथे बसून कळावा म्हणून हा लेख. व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलेलंच इथे सावकाश लिहिलंय. बोर्ड ऑर्डर करण्याआधी समोर ठेवा.

आज आपण काय बघणार?
- डिझाइनमधली कुठली फाइल कशासाठी असते
- माझी चूक नेमकी कुठे झाली
- नव्या व्हर्जनमध्ये जायचं की नाही, हे कसं ठरवायचं
- जायचंच असेल तर कुठल्या पायऱ्यांनी
- ईगलमधल्या जुन्या डिझाइनचं काय करायचं
- डिझाइन दुसऱ्याकडून करून घेत असाल तर काय मागून घ्यायचं

आधी साचा आणि मूळ मूर्ती

लालबाग-परळकडे गणपतीच्या कारखान्यात गेला असाल तर हे लगेच कळेल. मूर्तिकार आधी हाताने मूळ मूर्ती घडवतो. तिच्यावरून साचा काढतो. साचा हातात असला की त्यातून हव्या तेवढ्या मूर्ती निघतात. पण हाताची मुद्रा बदलायची असेल तर साचा कामाचा नाही, मूळ मूर्तीकडेच जावं लागतं.

पीसीबीचं तसंच आहे. गर्बर आणि ड्रिल फाइल म्हणजे साचा. बोर्ड बनवणारा कारखाना तेवढंच मागतो. स्कीमॅटिक, लेआउट आणि लायब्ररी मिळून जो प्रोजेक्ट होतो, ती मूळ मूर्ती.

अजून तीन शब्द लक्षात ठेवा. स्कीमॅटिकमध्ये पार्टचं जे चित्र असतं तो सिम्बॉल. बोर्डावर त्याच पार्टचे पॅड असतात तो फुटप्रिंट. कुठला पाय कुठल्या पायाला जोडलाय त्याची यादी म्हणजे नेटलिस्ट. व्हर्जन बदलताना सर्वात जास्त घोळ सिम्बॉलमध्ये होतो आणि त्याचा फटका नेटलिस्टला बसतो.

2023 चा गणपती आणि माझे 60 बोर्ड

आमचं दुकान गिरगावात, लॅमिंग्टन रोडपासून चालत अंतरावर. सीझनला डेकोरेशनच्या लाइटसाठी आठ चॅनलचा चेसर बोर्ड आम्ही बनवून देतो. साधं काम आहे: एक मायक्रोकंट्रोलर आणि आठ बीसी 547 ट्रान्झिस्टर. डिझाइन किकॅड 5 मध्ये काढलेलं. आधीच्या वर्षी हाच बोर्ड मस्त चालला होता.

2023 मध्ये परळच्या एका डेकोरेटर काकांची 60 बोर्डांची ऑर्डर आली. नवीन लॅपटॉप घेतला होता, त्यात किकॅड 7 टाकलेलं. दुकानाचा फोन नंबर बदलला होता, म्हणून बोर्डावर छापलेला नंबर बदलायचा होता. बस, एवढाच बदल.

जुन्या पीसीवरून पेन ड्राइव्हवर दोनच फाइली आणल्या, स्कीमॅटिक आणि लेआउट. उघडल्या. लेआउट ठीक दिसला. स्कीमॅटिकमध्ये मात्र आठही ट्रान्झिस्टरच्या जागी चौकोन आणि आत दोन प्रश्नचिन्हं. कारण तो सिम्बॉल माझ्या स्वतःच्या लायब्ररीतला होता आणि लायब्ररी जुन्या पीसीवरच राहिली होती. मी म्हटलं, एनपीएन ट्रान्झिस्टर तर आहे. किकॅडच्या लायब्ररीतला एक एनपीएन उचलला आणि आठही ठिकाणी लावला. दिसायला अगदी तोच.

पण सिम्बॉलच्या नावाच्या शेवटी ‘ईबीसी’ होतं. म्हणजे पहिला पाय एमिटर, दुसरा बेस, तिसरा कलेक्टर. बीसी 547 मध्ये पहिला पाय कलेक्टर आणि तिसरा एमिटर असतो. मला ‘सीबीई’ हवा होता.

पुढे स्कीमॅटिकवरून पीसीबी अपडेट केला. डीआरसी चालवलं तर ट्रान्झिस्टरच्या पायांशी लाल खुणाच खुणा. मला वाटलं, नवीन व्हर्जन जरा जास्तच कडक आहे. त्या जागचे ट्रॅक काढले, स्क्रीन दाखवेल तसे पुन्हा ओढले. लाल खुणा गेल्या, मी खूश. सॅम्पल न काढता सरळ 60 बोर्ड टाकले.

बोर्ड आले. सोल्डरिंग करणाऱ्या ताईंनी छापलेल्या आकाराप्रमाणे ट्रान्झिस्टर बसवले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, “दादा, सगळे लावून बघितले, पण लाइटी नुसत्या मिणमिणतायत.”

आधीच्या वर्षीचा एक बोर्ड कपाटात होता. दोन्ही शेजारी ठेवून मल्टिमीटर लावला. जुन्यात तिसरा पाय ग्राउंडला, नव्यात पहिला. कलेक्टर आणि एमिटर उलटे झाले होते. अशा उलट्या जोडणीत ट्रान्झिस्टर थोडंफार चालतो, पण त्याचा गेन एकदम पडतो. म्हणून लाइट मिणमिणत होती.

त्यातल्या त्यात नशीब एवढंच की बेस मधला पाय. ट्रान्झिस्टर काढून सपाट बाजू उलटीकडे करून लावला की सर्किट बरोबर होतं. पण 60 बोर्ड गुणिले 8, म्हणजे 480 ट्रान्झिस्टर. चतुर्थी 19 सप्टेंबरला, मंगळवारी. आम्ही तिघांनी दोन रात्री बसून डिसोल्डर केले. 8 बोर्डांचे पॅड उखडले, ते गेलेच. 52 बोर्ड वेळेत दिले. काका तोंडावर काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ऑर्डर दुसरीकडे गेली.

बोर्ड, पार्ट आणि मजुरी धरून त्या लॉटमध्ये साधारण 11,000 रुपये अडकले होते. ते बरेचसे सुटले. गिऱ्हाईक मात्र गेलं ते गेलंच.

चूक नेमकी कुठे?

सॉफ्टवेअरला दोष देणं सोपं आहे. पण किकॅडने मला दोनदा सांगितलं होतं. प्रश्नचिन्हं दाखवून सांगितलं की सिम्बॉल सापडत नाही. लाल खुणा दाखवून सांगितलं की बोर्ड आणि स्कीमॅटिक आता जुळत नाहीत. मी दोन्ही वेळा खूण पुसली, कारण शोधलं नाही.

आणि सर्वात मोठी गोष्ट. मला फक्त फोन नंबर बदलायचा होता. आधीच्या वर्षीची गर्बर तशीच पाठवली असती आणि नंबरचं स्टिकर लावलं असतं तरी भागलं असतं. हे विचारायचं मला सुचलंच नाही.

पहिला निर्णय: जायचं का?

किकॅडची मोठी व्हर्जन आता साधारण वर्षाला एक येते: 7 फेब्रुवारी 2023 मध्ये आलं, 8 फेब्रुवारी 2024 मध्ये, 9 फेब्रुवारी 2025 मध्ये. प्रत्येक वेळी सगळे बोर्ड हलवायची काही गरज नाही. माझा नियम असा:

- बोर्ड चालतोय आणि काही बदल नाही: हलवू नका. जपलेल्या गर्बरवरून ऑर्डर द्या.
- बारीक बदल आहे आणि जुनं व्हर्जन पीसीवर चालतंय: जुन्यातच करा.
- मोठा बदल आहे, किंवा पार्ट मिळेनासा झाल्याने दुसरा टाकायचाय, किंवा जुना पीसी शेवटच्या घटका मोजतोय: हलवा, पण सीझन सोडून.

सीझन सोडून म्हणजे कधी, हे तुमच्या धंद्यावर आहे. आमचं हे काम आता दिवाळीनंतर होतं. गणपतीच्या दोन महिने आधी लॅपटॉपवर कुठलंही नवीन व्हर्जन टाकायचं नाही, असा दुकानात नियमच केलाय.

आणि हो, हा रस्ता एकेरी आहे. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही. त्यामुळे जुनी कॉपी हाच परतीचा रस्ता.

5 मधून पुढे जाताना काय बदलतं?

किकॅड 5 हे 2018 चं, 6 डिसेंबर 2021 मध्ये आलं. 5 मधून 6 किंवा पुढे जाणं ही सर्वात मोठी उडी, कारण 6 मध्ये स्कीमॅटिकचा फॉरमॅटच बदलला. 5 पर्यंत स्कीमॅटिकमध्ये सिम्बॉलचं फक्त नाव असायचं, चित्र लायब्ररीतून यायचं. म्हणून किकॅड प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक कॅश लायब्ररी ठेवायचं. तिच्या नावाच्या शेवटी ‘कॅश’ लिहिलेलं असतं. लोकांना ती टाकाऊ फाइल वाटते आणि ते डिलीट करतात. जुन्या प्रोजेक्टमध्ये तीच तुमची जीवनदोरी. 6 पासून सिम्बॉल स्कीमॅटिकच्या फाइलमध्येच साठवला जातो, त्यामुळे पुढच्या उड्या तुलनेने सोप्या आहेत.

अजून एक सापळा. नवं स्कीमॅटिक सेव्ह केल्यावर ते नव्या एक्स्टेन्शनने वेगळ्या फाइलमध्ये जातं, जुनं तसंच राहतं. लेआउटच्या फाइलचं नाव आणि एक्स्टेन्शन मात्र तेच राहतं. म्हणजे सेव्ह दाबलं की जुना लेआउट गेला, त्या जागी नव्या फॉरमॅटचा आला. म्हणून मूळ फोल्डरमध्ये काम करायचंच नाही.

आठ पायऱ्या

पायरी 1. जुनं व्हर्जन उडवू नका. 6 पासून विंडोजवर प्रत्येक मोठं व्हर्जन वेगळ्या फोल्डरमध्ये बसतं, त्यामुळे एकाच पीसीवर दोन व्हर्जन ठेवता येतात.

पायरी 2. पूर्ण फोल्डर झिप करा, निवडक फाइली नाही. प्रोजेक्ट, स्कीमॅटिक, लेआउट, कॅश लायब्ररी, दोन्ही लायब्ररी टेबल, स्वतः बनवलेले सिम्बॉल आणि फुटप्रिंट. झिपच्या नावात बोर्डाचं नाव, व्हर्जन आणि तारीख टाका. एक कॉपी पीसीवर, एक पेन ड्राइव्हवर, एक ऑनलाइन.

पायरी 3. जुन्या व्हर्जनमधूनच पुरावा काढून ठेवा. गर्बर, ड्रिल फाइल आणि ड्रिल रिपोर्ट, स्कीमॅटिकची पीडीएफ, पार्टची यादी, नेटलिस्ट. नंतर तुलना याच्याशीच करायची आहे. मागची ऑर्डर ज्या गर्बरवर गेली ती फाइल मिळाली तर सर्वात उत्तम, कारण तो बोर्ड चालतो हे सिद्ध झालंय.

पायरी 4. झिप दुसऱ्या जागी उघडा आणि त्या कॉपीवर नवं व्हर्जन चालवा. फाइल जुन्या व्हर्जनची आहे, सेव्ह केल्यावर नव्या फॉरमॅटमध्ये जाईल, अशी सूचना येईल. घाबरू नका, कॉपीवरच आहोत. आणि या फेरीत डिझाइनमध्ये काहीही बदलायचं नाही. आधी जसंच्या तसं हलवायचं, तपासायचं, मग बदल. दोन्ही एकत्र केलं की कुठला फरक कशामुळे आला ते कळत नाही.

पायरी 5. सिम्बॉल बघा. एकही प्रश्नचिन्ह दिसलं तर थांबा. जुन्या पीसीवर जाऊन लायब्ररी शोधा. मिळालीच नाही तर नवा सिम्बॉल घेताना चित्र बघू नका, पायांचे नंबर बघा. डेटाशीट उघडा, मग जुन्या लेआउटमध्ये पॅड 1 कुठल्या नेटवर आहे ते बघा. तिन्ही जुळलं पाहिजे: डेटाशीट, सिम्बॉल, पॅड.

पायरी 6. आता ‘स्कीमॅटिकवरून पीसीबी अपडेट’ ही विंडो उघडा, म्हणजे एफ 8. पण अपडेट दाबू नका, फक्त यादी वाचा. आपण काही बदललेलं नाही, म्हणजे जोडणीत बदल दिसायला नको. इथे एक गोंधळ होतो. नवी व्हर्जन काही नेटची आपोआप दिलेली नावं बदलतात, न जोडलेल्या पायांनाही नाव देतात. त्यामुळे यादीत ओळी येतील. नुसतं नाव बदललंय की पाय एका नेटवरून दुसऱ्याच नेटवर गेलाय, ते प्रत्येक ओळीत बघा. दुसरा प्रकार दिसला तर पुढे जायचं नाही. माझ्या आठही ट्रान्झिस्टरच्या ओळी इथे आल्या होत्या. मी न वाचता अपडेट दाबलं.

पायरी 7. कॉपरचे झोन पुन्हा भरा, लेआउटमध्ये ‘बी’ दाबून. मग ईआरसी आणि डीआरसी चालवा. डीआरसीमध्ये स्कीमॅटिकशी जुळणी तपासायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. जी चूक जुन्या व्हर्जनमध्ये दिसत नव्हती तिचं कारण वहीत लिहा. कारण लिहिता आलं तरच दुर्लक्ष करायची परवानगी.

पायरी 8. नवी गर्बर काढा आणि जुन्या गर्बरशी जुळवा. किकॅडसोबत गर्बर बघायचा प्रोग्राम येतो. त्यात जुना आणि नवा एकच लेअर, दोन रंगांत, एकावर एक ठेवा. ट्रॅक तंतोतंत बसले पाहिजेत. झोनच्या कडेला केसभर फरक पडू शकतो, कारण भरायची पद्धत सुधारलेली असते. पण एखादा ट्रॅक सरकलेला दिसला तर ती चूक समजा. ड्रिल रिपोर्टमध्ये प्रत्येक मापाच्या भोकांची संख्या जुळवा. नंतर कमीत कमी संख्येचे सॅम्पल बोर्ड मागवा, एक पूर्ण भरा, लोडवर चालवा. मगच लॉट.

थ्रीडी मॉडेल गायब झाली तर मनाला लावून घेऊ नका. त्यांचे पाथ व्हर्जनप्रमाणे बदलतात, पण बोर्ड बनण्याशी त्याचा संबंध नाही.

छोट्या बोर्डाला हे सगळं करायला मला अडीच-तीन तास लागतात, सॅम्पलचे दिवस वेगळे. 480 ट्रान्झिस्टर उलटे करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

ईगलवाल्यांसाठी

ईगल हे 1988 पासूनचं जर्मन सॉफ्टवेअर. 2016 मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलं. 2023 मध्ये त्यांनी जाहीर केलं की 7 जून 2026 पासून ईगलची विक्री आणि सपोर्ट बंद, पुढचा रस्ता त्यांच्याच फ्यूजनमध्ये. आपल्याकडे कित्येकांचं पहिलं डिझाइन ईगलच्या फुकट व्हर्जनमध्ये झालंय, त्यामुळे हे तुमच्या दारातलंच काम समजा.

दोन रस्ते आहेत. फ्यूजन ईगलच्या फाइली उघडतं. किकॅडमध्येही ईगल प्रोजेक्ट इम्पोर्ट करायची सोय आहे. मात्र किकॅड ईगल 6 आणि पुढच्याच फाइली वाचतं, कारण 6 पासून त्या एक्सएमएलमध्ये साठवल्या जातात. ईगल 5 किंवा त्याआधीची फाइल असेल तर ती आधी ईगलच्या नंतरच्या व्हर्जनमध्ये उघडून सेव्ह करावी लागते. म्हणून चालतं ईगल हाताशी आहे तोवर जुन्या फाइली नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून घ्या आणि सगळ्या बोर्डांची गर्बर काढून ठेवा. इम्पोर्ट करताना स्कीमॅटिक आणि बोर्ड एकाच नावाने एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नंतर डिझाइन रूल्स आणि झोन नव्याने तपासा, आणि वरच्या पायऱ्या 5 ते 8 जशाच्या तशा करा.

“किकॅड फुकट आहे, भरवसा ठेवायचा का?” असंही विचारतात. 1992 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या एका प्राध्यापकांनी ते सुरू केलं, पुढे सर्न या संशोधन संस्थेनेही त्यात काम केलं. आपल्या पवईच्या आयआयटी बॉम्बेच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम स्कीमॅटिकसाठी किकॅडच वापरतं. क्रॅक केलेल्या महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा हे शंभर पटीने बरं. क्रॅकमध्ये कायद्याचा धोका आहेच, शिवाय विंडोज बदललं आणि तो बंद पडला की तुमच्या फाइली आत अडकून बसतात.

डिझाइन बाहेरून करून घेता?

मग ऑर्डर देतानाच सांगा आणि लेखी घ्या: गर्बरसोबत पूर्ण प्रोजेक्ट, सगळ्या लायब्ररी, सॉफ्टवेअरचं नाव आणि व्हर्जन. शेवटचा हप्ता हे मिळाल्यावर. नुसती गर्बर घेतलीत तर साचा तुमच्याकडे, मूळ मूर्ती त्याच्याकडे. तो नोकरीला लागला, गावी गेला, की एक रेझिस्टर बदलायला तुम्हाला सगळं पुन्हा काढावं लागेल.

आणि झिप मिळाली की लगेच दुसऱ्या पीसीवर उघडून बघा. प्रश्नचिन्हं दिसली तर लायब्ररी आलेली नाही. हे त्याच दिवशी कळलेलं बरं.

या आठवड्याचं काम

एक वही घ्या किंवा एक्सेल उघडा. तुमच्या प्रत्येक बोर्डासाठी एक ओळ: बोर्डाचं नाव, सॉफ्टवेअर आणि व्हर्जन, प्रोजेक्टची झिप कुठे आहे, शेवटची चाललेली गर्बर कुठे आहे, एक तयार बोर्ड नमुना म्हणून ठेवलाय का. रिकामी जागा जिथे राहील, तिथे तुमचा पुढचा घोटाळा बसलाय. तो आधी भरा.

तो शेवटचा रकाना विसरू नका. माझी चूक ज्या बोर्डामुळे सापडली तो कपाटातला जुना नमुनाच होता. आता प्रत्येक लॉटमधला एक बोर्ड आम्ही तारीख टाकून डब्यात ठेवतो आणि विकत नाही.

पुढच्या भागात ड्रिल रिपोर्ट कसा वाचायचा ते प्रत्यक्ष बोर्ड घेऊन बघू. तोपर्यंत वही भरा. आणि लाल खूण दिसली तर पुसण्याआधी वाचा!